पाणी एकदम गार, एकदम गरम: उशिरामुळे येणाऱ्या हेलकाव्यांचं मॉडेल पहिल्यांदा कसं मांडायचं

आमच्या गावाकडच्या घरी सोलरचं गरम पाणी आणि टाकीचं गार पाणी मागच्या पडवीत एकत्र येतं, दोन्ही कॉक तिथेच आहेत, आणि मिसळलेलं पाणी तिथून सहा मीटर पाईपने न्हाणीघरात जातं. त्यामुळे आंघोळीला दोन माणसं लागायची, मी आत आणि धाकटा भाऊ पडवीत कॉकपाशी. पाणी गार लागलं की मी आतून ओरडायचो "गरम कर", तो फिरवायचा, काहीच फरक पडायचा नाही म्हणून मी अजून जोरात ओरडायचो, तो अजून फिरवायचा, आणि मग एकदम चटका. मग "गार कर, गार कर" आणि थोड्या वेळाने अंगावर काटा. त्याचं म्हणणं "दादा, तू सांगितलंस तेच केलं मी", आणि ते शंभर टक्के खरं होतं. दोघंही बरोबर वागत होतो, चूक त्या सहा मीटर पाईपमध्ये होती.

पुढे कॉलेजात डिले असलेली समीकरणं पहिल्यांदा बघितली तेव्हा मला हीच आंघोळ आठवली, आणि आजही कोणाला हा विषय शिकवायचा असेल तर मी इथूनच सुरू करतो. लागतं काय, तर बारावीचं कॅल्क्युलस आणि एक्सेल (किंवा फोनवरची कुठलीही स्प्रेडशीट). पेन-कागद घेऊन बसा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

पायरी १: उशीर नेमका कुठे आहे ते शोधा आणि मोजा

नवीन माणूस सरळ समीकरणावर उडी मारतो. तसं करू नका. आधी विचारा की मी केलेल्या बदलाचा परिणाम मला किती वेळाने कळतो. आमच्या केसमध्ये हे अगदी साधं आहे. अर्धा इंची पाईप, आतला व्यास साधारण १.५ सेंमी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ १.७७ चौरस सेंमी, लांबी ६०० सेंमी, तर पाईपच्या पोटात जवळजवळ १.०६ लिटर पाणी मावतं. १५ लिटरची बादली अडीच मिनिटांत भरते, म्हणजे मिनिटाला ६ लिटर, सेकंदाला ०.१ लिटर. भागाकार केला की आले साधारण १०.६ सेकंद. हिशोबासाठी १० धरू.

इथे एक गोष्ट नीट बघा. सोलरच्या टाकीपासून पडवीपर्यंतचा पाईप कितीही लांब असला तरी एकदा त्यात गरम पाणी आलं की तो ह्या हिशोबात येतच नाही. मोजायचा तो कॉकपासून अंगापर्यंतचा पाईप, कारण निर्णय आणि त्याचा परिणाम ह्यांच्या मधला रस्ता तेवढाच आहे. चुकीचा उशीर मोजणं ही ह्या विषयातली सगळ्यात कॉमन चूक आहे आणि ती पुढे कितीही चांगलं गणित केलं तरी भरून निघत नाही.

पायरी २: समीकरण

कॉकपाशी मिसळलेल्या पाण्याचं तापमान आणि आपल्याला हवं असलेलं तापमान (४० अंश धरू) ह्यातल्या फरकाला म्हणू फ. वेळ म्हणजे व, उशीर म्हणजे उ. अंगावर आत्ता जे पाणी पडतंय ते उ सेकंदांपूर्वी कॉकपाशी होतं, म्हणजे मला जाणवणारा फरक फ(व − उ). मी जितका मोठ्याने ओरडणार तितक्या झपाट्याने भाऊ कॉक फिरवणार, त्या झपाट्याला म्हणू क. मग:

फ′(व) = −क × फ(व − उ)

एवढंच. डावीकडे कॉकपाशी फरक किती वेगाने बदलतोय ते, उजवीकडे आपली दुरुस्ती. वजा चिन्ह अशासाठी की गरम असेल तर गार करायचं आणि गार असेल तर गरम. क चं एकक "दर सेकंदाला", म्हणजे क = ०.१ असेल तर १० अंशांचा फरक जाणवल्यावर भाऊ सेकंदाला १ अंश ह्या वेगाने पाणी बदलतो.

उ शून्य असता तर हे बारावीचं सोपं समीकरण झालं असतं, फरक हळूहळू शून्याकडे जातो, हेलकावा वगैरे काही नाही, क कितीही मोठा घ्या. म्हणजे पुढे जे काही उपद्व्याप दिसणार आहेत ते सगळे त्या एका कंसातल्या वजा उ मुळे.

पायरी ३: सुरुवातीला एक आकडा पुरत नाही, इतिहास लागतो

साध्या समीकरणाला सुरुवातीची एक किंमत दिली की ते पळायला लागतं. इथे नाही. पहिल्या सेकंदाला काय होणार हे कळायला ९ सेकंदांपूर्वी काय होतं ते माहीत पाहिजे, म्हणजे मागच्या पूर्ण १० सेकंदांचा इतिहास द्यावा लागतो. आपला इतिहास सोपा आहे, पाईपमध्ये टाकीचं २५ अंशांचं गार पाणी भरलंय, म्हणजे शून्याआधी सगळीकडे फ = −१५.

आता हातानेच पुढे जा, क = ०.१ घेऊन. पहिले १० सेकंद अंगावर −१५ च पडतंय, त्यामुळे कॉकपाशी फरक सेकंदाला १.५ ने वर जातो आणि १०व्या सेकंदाला फ बरोबर शून्य. कॉकपाशी पाणी अगदी हवं तसं झालंय! पण आत उभ्या असलेल्या माणसाला अजून गारच लागतंय, तो ओरडायचं थांबत नाही, आणि पुढच्या १० सेकंदांत फ अजून ७.५ ने वर चढतो. २०व्या सेकंदाला कॉकपाशी ४७.५ अंश, आणि ते अंगावर येणार ३०व्या सेकंदाला. ह्या तुकड्या-तुकड्याने सोडवायच्या पद्धतीत प्रत्येक तुकडा उ एवढा लांब, आणि मागच्या तुकड्याचं इंटिग्रल घेतलं की पुढचा तुकडा मिळतो. पहिले तीन तुकडे हाताने कराच, मला हा विषय कळला तो ह्या तीन तुकड्यांत.

पायरी ४: एक्सेल

पहिल्या स्तंभात वेळ −१० पासून, एक-एक सेकंदाने. दुसऱ्या स्तंभात फ. पहिल्या ११ ओळींत (−१० ते ०) −१५ टाका. बाराव्या ओळीत फॉर्म्युला: वरच्या ओळीतला फ, वजा क गुणिले पायरीची लांबी (दोन ओळींमधला वेळ, इथे १ सेकंद) गुणिले ११ ओळी वरचा फ. अकरा का, तर वरच्या ओळीपासून मागे दहा. इथे एका ओळीची चूक सगळेच करतात. मग फॉर्म्युला २०० ओळी खाली ओढा आणि ग्राफ काढा. क एका वेगळ्या सेलमध्ये ठेवा आणि ती सेल डॉलरने पक्की करा, म्हणजे आकडा बदलला की ग्राफ लगेच हलतो.

आता क बदलून बघा. ०.०३ ला फरक एकाच बाजूने हळू हळू शून्याकडे येतो, मिनिटाच्या शेवटी साधारण १ अंश बाकी. ०.१ ला वर जातो, खाली येतो, दोन-तीन हेलकाव्यांत शांत. ०.२ ला प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा.

पायरी ५: सीमा कुठे आहे ते हाताने काढा

हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो म्हणून जरा थांबून सांगतो.

समजा हेलकावे ना वाढतायत ना कमी होतायत, फ म्हणजे एक स्वच्छ साइन लाट आहे. साइनचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे तीच लाट पाव फेरी पुढे सरकवलेली. वजा चिन्ह म्हणजे अर्धी फेरी पुढे. तर समीकरण म्हणतंय की अर्धी फेरी पुढे असलेली लाट उ ने मागे ओढली की पाव फेरी पुढे असलेली लाट मिळाली पाहिजे. म्हणजे उ बरोबर पाव फेरीएवढा. म्हणजेच एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ = ४ उ. आमच्या पाईपला ४० सेकंद. आता उंची जुळवा: डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर उंची कोनीय वेगाने गुणली जाते, तो वेग क एवढा असायला हवा, आणि तो आहे २ पाय भागिले ४ उ. तर

क × उ = पाय ÷ २ = १.५७०८

ना क एकटा महत्त्वाचा, ना उ एकटा, दोघांचा गुणाकार महत्त्वाचा. गुणाकार १.५७ च्या खाली असेल तर हेलकावे विरतात, वर असेल तर वाढतात. अजून एक सीमा आहे खाली: फ ऐवजी घटती एक्स्पोनेन्शिअल टाकून बघा, ती फक्त तेव्हाच बसते जेव्हा क × उ हा १ भागिले ई पेक्षा, म्हणजे ०.३६८ पेक्षा जास्त नसतो. त्याच्या खाली हेलकावाच नाही. म्हणजे आमच्या आंघोळीचे तीन प्रांत झाले, क ०.०३७ पर्यंत निवांत, तिथून ०.१५७ पर्यंत हेलकावत शांत होणारा, आणि त्यापुढे चटका-काटा-चटका-काटा.

आणि ह्यातून मला खूप वर्षांनी एक गोष्ट उमगली. उन्हाळ्यात टाकीत पाणी कमी असलं की आमच्याकडे धार अर्धी यायची आणि त्या दिवसांत आंघोळ हमखास बिघडायची. भाऊ तोच, त्याचा हात तोच, क तोच ०.१. पण धार अर्धी म्हणजे उ दुप्पट, २१ सेकंद, गुणाकार १.०६ वरून २.१ वर. कोणीच काही वेगळं न करता सिस्टिम सीमेपलीकडे गेली. म्हणून कुठल्याही खऱ्या सिस्टिममध्ये "हे काल तर चालत होतं" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो की कुठला उशीर वाढलाय का.

पायरी ६: खऱ्या जगात हेलकावे अनंत वाढत नाहीत

क = ०.२ घेतला तर हाताने काढून बघा, १५व्या सेकंदाला फ = २२.५ येतो, म्हणजे ६२.५ अंश, आणि सोलर देतोय ६०! अशक्य. इथे मॉडेलमध्ये मर्यादा घालायची वेळ आली: फ कधी −१५ च्या खाली नाही आणि २० च्या वर नाही. एक्सेलमध्ये मिन आणि मॅक्स ने होतं. आता ग्राफ वाढत वाढत जाऊन एका ठरावीक उंचीला स्थिर होतो आणि मग तसाच चालू राहतो, आणि न्हाणीघरात आम्ही जे अनुभवायचो ते हेच. क फार मोठा केला तर लाट चौकोनी होते आणि फेरीचा वेळ ४ उ वरून २ उ कडे सरकतो, तेही करून बघा.

हीच गोष्ट जीवशास्त्रात वेगळ्या मार्गाने येते. येल विद्यापीठातले इकॉलॉजिस्ट हचिन्सन ह्यांनी १९४८ मध्ये लोकसंख्यावाढीच्या नेहमीच्या लॉजिस्टिक समीकरणात उशीर घातला: वाढीचा वेग आजच्या संख्येवर, पण गर्दीचा लगाम उ काळापूर्वीच्या संख्येवर. समतोलाजवळ हे समीकरण उलगडलं की निघतं आपलंच आंघोळीचं समीकरण, क च्या जागी वाढीचा दर, आणि सीमा तीच १.५७. फरक पुढे आहे. इथे संख्या शून्याखाली जाऊ शकत नाही, त्यामुळे लाट साइनसारखी गोल राहत नाही, उंच टोकदार शिखरं आणि मधे लांब सपाट दऱ्या. गुणाकार २ ला नेला की शिखर दरीच्या ४० पटीच्याही वर जातं आणि फेरीचा वेळ ४ उ च्या पुढे, ४.४ उ च्या आसपास. तुमच्या शीटमध्ये एक फॉर्म्युला बदलून हे दिसतं.

कागदावरचंच नाही हे. ऑस्ट्रेलियात निकल्सन ह्यांनी १९५० च्या दशकात मेंढ्यांना त्रास देणाऱ्या ब्लोफ्लाय माश्या पिंजऱ्यात वाढवल्या, मोठ्या माश्यांना रोज ठरलेलंच खाद्य. माश्या जास्त झाल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमी, अंडी घालायची ताकद नाही, पण आधी घातलेल्या अंड्यांतून माश्या येतच राहतात. संख्या साधारण ५-६ आठवड्यांच्या फेरीने प्रचंड वर-खाली होत राहिली, बाहेरून हवामान वगैरे काही बदलत नसताना. इकॉलॉजिस्ट रॉबर्ट मे ह्यांनी हचिन्सनचं समीकरण ह्या आकड्यांना लावलं तर उशीर साधारण ९ दिवस निघाला, आणि अंड्यापासून माशी व्हायचा काळही त्याच्याच जवळपासचा. पण शिखरांचा आकार नीट जुळत नव्हता, ते १९८० मध्ये गर्नी, ब्लाइथ आणि निस्बेट ह्यांनी सुधारलं, जन्म आणि मृत्यू वेगळे लिहून, उशीर फक्त जन्माला. माझ्या मते नवीन माणसाने इथून हा धडा घ्यावा की उशीर समीकरणात कुठे बसतो हे तो किती आहे ह्याच्याइतकंच महत्त्वाचं.

पायरी ७: जिथे बहुतेक जण अडकतात

एक, टेलर सिरीज. उशीर त्रासदायक वाटतो म्हणून तिच्या पहिल्या दोन पदांवर भागवून फ(व − उ) च्या जागी फ वजा उ गुणिले फ′ लिहायचा मोह होतो. लिहून बघा, हेलकावे पूर्ण गायब होतात आणि गुणाकार १ च्या वर गेला की उत्तर निरर्थक येतं. तसंच "उशीर म्हणजे सेन्सरचा आळस" असं मानून त्याच्या जागी एक साधा लॅग (म्हणजे बदल लगेच जाणवायला लागतो, पण हळूहळू) टाकला तर हेलकावे येतात पण कधीच वाढत नाहीत, क कितीही घ्या. म्हणजे ते मॉडेल तुम्हाला सांगणार की सगळं सेफ आहे, आणि पाईप काही वेगळंच करणार.

दोन, पायरीची लांबी. वर आपण १ सेकंदाची घेतली. त्या शीटमध्ये सीमा शोधा, ती ०.१५७ ला येणार नाही, ०.१४९५ ला येईल. कारण ही साधी ऑयलर पद्धत (मागच्या ओळीत वेग गुणिले पायरी मिळवत जायची, शीटमध्ये केली तीच) स्वतःच अर्ध्या पायरीचा जादा उशीर घालते, १० च्या जागी १०.५. पायरी ०.१ सेकंद केली (मग मागे १०० ओळी बघायच्या) की सीमा ०.१५६३. उशिराच्या गणितात कॉम्प्युटरसुद्धा उशीर घालतो हे लक्षात ठेवा, नाहीतर तुम्ही जो हेलकावा बघताय तो पाईपचा की शीटचा हेच कळणार नाही.

तीन, सॉफ्टवेअर. पायथनच्या सायपाय लायब्ररीमधला समीकरणं सोडवणारा नेहमीचा सॉल्व्हर उशीर घेत नाही, बरेच जण त्यात जबरदस्तीने मागची किंमत घुसवतात आणि चुकीचे ग्राफ काढतात, कारण सॉल्व्हर आतल्या आत पायरी पुढे-मागे करत असतो. उशीर घेणारे सॉल्व्हर वेगळे, मॅटलॅबमध्ये डीडीई२३ आहे, पायथनसाठी जिटसीडीडीई आहे. पण आधी एक्सेल, खरंच सांगतो. आणि ह्यातलं काहीही वापरलं तरी पहिली टेस्ट हीच करा, साधं समीकरण, सीमा १.५७ ला येते का, फेरी ४ उ येते का. नाही आली तर पुढे जाऊ नका.

ह्याच्यापुढे काय करायचं असं विचाराल तर मी मॅकी-ग्लास सुचवेन. १९७७ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या मॅकी आणि ग्लास ह्यांनी रक्तातल्या पेशींसाठी मांडलेलं समीकरण. पेशी मरतात त्या आजच्या संख्येनुसार, दर ०.१, आणि नवीन बनतात त्या उ काळापूर्वीच्या संख्येनुसार, ०.२ गुणिले ती संख्या भागिले (१ अधिक त्या संख्येचा दहावा घात). समतोल बरोबर १ वर. पायरी ५ सारखंच हाताने केलं तर हेलकावे उ = ४.७ च्या आसपास सुरू होतात आणि फेरीचा वेळ साधारण १६. मग उ वाढवत न्या, फेऱ्या दुप्पट होतात, पुन्हा दुप्पट होतात, आणि १७ ला ग्राफ एकदा आलेला आकार परत कधी आणत नाही. केऑस, आणि तोही एका ओळीच्या समीकरणातून.

भोसरी-चाकण बाजूला मशीन शॉपमध्ये काम करणारे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी वेगळं. लेथवर जॉबवर लाटा उठतात आणि मशीन किंचाळायला लागतं, तो चॅटर हाही बऱ्याचदा उशिराचा हेलकावा असतो. टूल आत्ता जी जागा कापतंय तिथे मागच्या फेऱ्यात त्यानेच सोडलेली लाट आहे, म्हणजे उशीर = जॉबचा एक फेरा, ६०० आरपीएमला ०.१ सेकंद. इथे गंमत ही की उशीर तुमच्या हातात आहे. स्पीड बदलला की आधीची लाट आणि आताची लाट जुळून जाऊ शकते, म्हणून कधी कधी स्पीड कमी करण्याऐवजी वाढवल्यावर चॅटर थांबतो, आणि जुन्या हाताच्या ऑपरेटरला हे गणित न शिकताही ठाऊक असतं.

कांद्याबद्दल मला नेहमी विचारतात. यंदा भाव चढला, पुढच्या हंगामाला सगळ्यांनी लावला, भाव पडला, मग कोणीच नाही लावला. कल्पना हीच आहे, लावणीचा निर्णय आणि बाजारात माल ह्यांच्यामधला उशीर. पण तिथे हंगाम ठरलेले असल्यामुळे सलग वेळेचं समीकरण न घेता हंगाम-दर-हंगाम चालणारं मॉडेल घ्या, आणि चाळीत साठवलेला कांदा, अवकाळी पाऊस, निर्यातीचे निर्णय हे सगळं बाहेरून धक्के देत असतं, ते वेगळे मांडल्याशिवाय नुसत्या उशिरावर लासलगावचा भाव सांगायला जाऊ नका. शेतकऱ्याचे पैसे लागलेत त्यात.

आमच्या पडवीत आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. दोघांनी ठरवलं की कॉक थोडा फिरवायचा आणि मग पंधरापर्यंत मोजायचं, तोपर्यंत मी आतून एक शब्द बोलायचा नाही. टाकी भरलेली असेल तेव्हा पंधरा पुरतात. धार अर्धी असेल तर पंचवीस.